बटाट्याचा प्रश्न जमिनीखाली

२०२५च्या जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने आग्र्याजवळ सिंगना येथे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राची दक्षिण आशियाई शाखा उभारायला मान्यता दिली आणि त्यासाठी सुमारे १११ कोटी रुपये मंजूर केले. पेरू देशाच्या लिमा या राजधानीत १९७१ साली सुरू झालेली ही संस्था बटाट्याच्या चार हजारांहून अधिक वाणांचा संग्रह सांभाळते. बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी विसरली गेली. आपल्याकडे बटाटा बातमीत येतो तो भावामुळे. शेतकऱ्याने तो रस्त्यावर ओतला तर, नाहीतर गृहिणीला किलोमागे दहा रुपये जास्त मोजावे लागले तर. भाव ठरण्याच्या कितीतरी आधी जमिनीखाली काय काय ठरून गेलेले असते, याची चर्चा आपण जवळजवळ करत नाही. चीनच्या खालोखाल जगात सर्वांत जास्त, वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक बटाटा पिकवणाऱ्या देशाला हे परवडणारे नाही, असे माझे मत आहे.

प्रथम एक साधी गोष्ट. बटाटा जमिनीत वाढतो म्हणून आपण त्याला कंदमूळ म्हणून मोकळे होतो, पण तो मूळ नव्हे, खोड आहे. रताळे हे मूळ. बटाट्यावरचे डोळे मात्र खोडावरच्या कळ्यांसारखेच असतात. झाडाच्या बुंध्यापासून जमिनीतल्या जमिनीत आडवे फुटवे निघतात आणि एका वेळेला त्यांच्या टोकाची लांबी वाढणे थांबून ते टोक फुगू लागते. पाल्याने उन्हात तयार केलेली साखर तिथे उतरते, तिचा स्टार्च होतो आणि बटाटा धरतो. (उपवासाच्या ताटात ज्यांना मानाचे स्थान आहे तो बटाटा, ते रताळे आणि तो साबुदाणा हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. पण तो विषय वेगळा.)

आता वेळ झाली, हे त्या टोकाला कोण सांगते? हा प्रश्न शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षे छळत होता. अँडीज पर्वतातला मूळचा बटाटा रात्र मोठी झाल्याशिवाय कंद धरत नाही. रात्रीची लांबी मोजतात ती पाने आणि फुगते ते जमिनीतले टोक, तेव्हा पानांकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, एवढे उघड होते. रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी तर फुलावर आलेल्या तंबाखूचे कलम बटाट्याच्या खुंटावर बांधले आणि खाली बटाटे धरले. म्हणजे फूल आणण्याचा निरोप आणि कंद धरण्याचा निरोप एकाच भाषेतला निघाला. २०११ साली स्पेन आणि नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी या निरोप्याला हुडकून काढले. पानात तयार होऊन रसवाहिन्यांतून खाली उतरणारे ते एक प्रथिन आहे, त्याला एसपी-सिक्स-ए असे रूक्ष नाव मिळाले. त्याच्या आधी, २००६ मध्ये, बीईएल-फाइव्ह नावाच्या दुसऱ्या निरोप्याचा प्रवास अमेरिकेतल्या आयोवा राज्यात उलगडला गेला होता. ते काम करणाऱ्यांपैकी डॉ. अंजन बॅनर्जी पुढे पुण्याच्या ‘आयसर’मध्ये आले आणि बटाटा कसा धरतो याचे संशोधन त्यांनी तिथे चालू ठेवले. पुणे जिल्ह्यात बटाटा पिकतो हे सर्वांना ठाऊक असते. तो का पिकतो याचा शोधही पुण्यात घेतला जातो, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

हे सारे प्रयोगशाळेतले कुतूहल म्हणून सोडून देता येत नाही, कारण हा निरोप्या उष्णतेला फार हळवा आहे. रात्रीचे तापमान १८ अंशांच्या आसपास असले की कंद नीट धरतो. ते २० अंशांच्या वर राहू लागले की झाड हिरवेगार, डेरेदार दिसते आणि खाली मात्र गोट्या निघतात. आपला बहुतेक बटाटा गंगेच्या मैदानात हिवाळ्याच्या तीन-चार महिन्यांत पिकतो, तो याच कारणाने. थंडीचा तो काळ दोन्ही टोकांनी आखडत गेला, तर शेतकऱ्याने काय करायचे? सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने २००६ मध्ये उष्णता सोसणारा ‘कुफरी सूर्या’ हा वाण दिला, ही दूरदृष्टीच म्हणायची. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की उष्णतेत झाडामध्येच एक छोटा आरएनए तयार होतो आणि तो निरोप्याचे तोंड बंद करतो. त्या आरएनएला अडवले, तर उकाड्यातही कंद धरतो. प्रयोगशाळेतले हे ज्ञान वाणात उतरायला वर्षे लागतात, आणि उन्हाळा आपल्यासाठी थांबत नाही.

दुसरी गोष्ट बेण्याची. गहू-ज्वारीसारखे मूठभर बी इथे चालत नाही. एकरी आठ-दहा क्विंटल बटाटेच जमिनीत पुरावे लागतात, आणि लागवडीच्या खर्चातला मोठा वाटा तिथेच जातो. शिवाय बेणे म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. आईला विषाणूचा रोग असेल तर तो लेकराला मिळणारच. दोन-चार पिढ्यांत उत्पन्न ढासळते. हे विषाणू पसरवतो मावा. पन्नासच्या दशकापर्यंत समजूत अशी होती की निरोगी बेणे फक्त थंड डोंगरांतच तयार होते, आणि डोंगरातले बेणे ऑक्टोबरात मैदानातल्या लागवडीच्या वेळी झोपलेलेच असायचे, त्याला कोंब फुटत नसत. १९४९ साली पाटण्यात सुरू होऊन १९५६ मध्ये सिमल्याला गेलेल्या आपल्या संस्थेने साठच्या दशकात यावर तोड काढली. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा फारच कमी असतो. तेवढ्या अवधीत निरोगी बेणे वाढवायचे आणि जानेवारीत मावा वाढण्याच्या आत पाला कापून टाकायचा. यंत्र नाही, औषध नाही, निव्वळ निरीक्षण! माझ्या मते स्वतंत्र भारतातल्या शेतीसंशोधनाचा हा एक मोठा विजय आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला जागा मिळायला हवी.

या विजयाची महाराष्ट्रापुरती दुसरी बाजूही आहे. आपल्या हवेत हे जमत नाही, म्हणून मंचरच्या बाजारात बेण्याच्या पिशव्या येतात त्या पंजाबातून, जालंधरकडून. तिकडे भाव चढले, की आंबेगाव आणि खेडच्या शेतकऱ्याचे गणित पेरणीआधीच बिघडते. बंदिस्त गृहात मुळे हवेत लोंबकळत ठेवून त्यांच्यावर पोषक पाण्याचा फवारा देऊन निरोगी छोटे बटाटे काढण्याची पद्धत सिमल्याच्या संस्थेने विकसित केली आहे. ती हरियाणा-पंजाबात पोचली. आपल्याकडे तिच्यासाठी आग्रह धरलेला मी फारसा ऐकलेला नाही.

आणि तिसरी गोष्ट, करप्याची. उशिरा येणारा करपा म्हणतात तो हाच रोग, ज्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मारली आणि आणखी तेवढ्यांना देश सोडायला लावला. तिथल्या गोरगरिबांच्या शेतात जवळजवळ सगळीकडे एकच वाण होता. ढगाळ, दमट हवा आठवडाभर टिकली की हिरवे शेत काळे पडते. त्याचा कारक बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे तो बदलतो. मेक्सिकोतल्या रानटी बटाट्यांतून रोगाला अडवणारी एकेक जनुके संकराने आपल्या बटाट्यात आणली गेली आणि दर वेळी काही वर्षांत करप्याने त्यांच्यावर मात केली. १९६८ मध्ये आलेला ‘कुफरी ज्योती’ हा आपला लाडका वाण सुरुवातीला करप्याला दाद देत नसे; आज त्याच्यावर औषध फवारल्याशिवाय भागत नाही. युरोपात धुमाकूळ घातलेला करप्याचा एक नवा वंश पुढे भारतात शिरला आणि २०१३-१४च्या हंगामात पूर्व भारतात आलेल्या मोठ्या साथीत तोच सापडला. शेतकरी मॅन्कोझेबची फवारणी वाढवतो, दुसरे त्याच्या हातात काय आहे?

संशोधकांच्या हातात मात्र काही आहे. २००३ मध्ये मेक्सिकोतल्याच एका रानटी बटाट्यातले, करप्याच्या अनेक वंशांना पुरून उरणारे जनुक ओळखले गेले. हा रानटी बटाटा आपल्या बटाट्याशी सहजी संकर होऊ देत नाही, म्हणून ते जनुक उचलून घालावे लागते. सिमल्यात ते ‘कुफरी ज्योती’मध्ये आणलेही गेले. लिमाच्या संस्थेने युगांडात एका लोकप्रिय वाणात अशी तीन जनुके एकत्र घातली आणि चाचणीच्या शेतात करप्यावरचे औषध न फवारता पीक उभे राहिले. करप्याला एक कुलूप उघडता येते; तीन एकदम उघडणे त्याला अवघड जाते.

इथे आपल्या धोरणाची गाठ पडते. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाल्यापासून असे कुठलेही पीक खाण्याच्या ताटात येणे जवळपास ठप्प आहे. २०२२ मध्ये जनुक-संपादनाच्या काही प्रकारांना कडक नियमांतून सूट मिळाली आणि २०२५ मध्ये तशा दोन भातांची घोषणाही झाली. बटाट्याचेच जनुक बटाट्यात घातले तर मात्र जिवाणूचे जनुक घातल्यासारखीच वागणूक मिळते. जैवतंत्रज्ञानाबद्दल शंका घेणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाही; कंपन्यांच्या हाती बियाणे गेले की काय होते, हे कापसाच्या शेतकऱ्याने पाहिले आहे. पण इथे जनुक बटाट्याच्या भावकीतले आहे, संस्था सरकारी आहे आणि पर्याय दर आठवड्याला विषारी फवारणीचा आहे. चाचण्या कडक घ्या, निष्कर्ष जाहीर करा, पण निर्णय द्या. फाईल पडून राहते तेव्हाही निर्णय झालेलाच असतो, आणि तो फवारणीच्या बाजूचा असतो.

आग्र्याचे केंद्र उभे राहील तेव्हा उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल आपापल्या गरजा घेऊन दारात असतील. महाराष्ट्राची गरज त्यांच्यापेक्षा वेगळी आहे. सातगाव पठारावर बटाटा हिवाळ्यात लावत नाहीत. तो ऐन पावसाळ्यात, मोठ्या दिवसांत आणि करप्याला मानवणाऱ्या हवेत उभा असतो. त्या हंगामासाठी खास पैदा केलेला वाण पठारावरच्या शेतकऱ्याला हवा आहे. एके काळी राजगुरुनगरला सिमल्याच्या संस्थेचे केंद्र होते आणि साठवणीत बटाटा पोखरणाऱ्या पतंगावर तिथे चांगले काम झाले. आग्र्याच्या शास्त्रज्ञांसाठी पठारावर दोन-चार एकर चाचणीची जमीन देऊ करायला राज्य सरकारला फार खर्च येणार नाही. अर्ज मात्र कुणीतरी करावा लागेल.