शनिवारी राउटर बंद

२०२३ च्या जुलैमधली गोष्ट. मी तेव्हा न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. टीममधला एक ज्यू कलीग गुरुवारी डेस्कपाशी आला आणि म्हणाला, "वीकेंडला काय करतोयस?" आयटीत हा प्रश्न कोणी विचारला की पोटात गोळा येतो. पण आमचं प्रॉडक्शन ठीक होतं. पडलं होतं ते त्याच्या मुलाच्या समर कॅम्पचं नेटवर्क. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात वीज पडली, ऑफिसमधला स्विच जळाला आणि रोजचे फोटो साइटवर चढेनात. कॅम्पमध्ये मुलांना फोन न्यायला बंदी. त्यामुळे पोरगं जिवंत आहे, जेवतंय, हसतंय, हे कळायचा आईबापांचा एकमेव मार्ग म्हणजे ते फोटो. बिचारे दर दहा मिनिटांनी रिफ्रेश मारत होते आणि मधल्या वेळात ऑफिसात फोन करत होते.

म्हटलं चला, दोस्तीखात्यात एक स्विच बदलू, शनिवारी दुपारी घरी.

शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत स्विच बदलून झाला. राउटरचं थोडं काम राहिलं होतं, तेवढ्यात कॅम्पचे डायरेक्टर आले. पांढरा शर्ट, केस ओले. म्हणाले, "आता बंद करू या. शबात लागतोय." शबात म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. यंत्र चालवायचं नाही, लिहायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मी म्हटलं, "मी ज्यू नाही, मी करतो ना, अर्धा तास फक्त." ते हसले. "तुझ्याकडून करून घेणं हेसुद्धा आम्हाला चालत नाही."

झालं! म्हणजे शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत मी बेकार. कलीगची बायको तिथे नर्स म्हणून होती, त्यामुळे राहायची सोय झाली. आणि करायला काहीच नसल्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट पाहिलं.

तासाभरापूर्वी चिखलात फुटबॉल खेळणारी पोरं आंघोळ करून, पांढरे कपडे घालून तळ्याकाठी आली. गाणी झाली, प्रार्थना झाली. मग जेवण. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून दोन्हींची भांडी वेगळी, आणि चिकन असल्यामुळे गोड पदार्थही बिनदुधाचा. जेवणानंतरची आभाराची प्रार्थना हिब्रूत, आणि ती म्हणताना पोरं टेबलं अशी बडवत होती की आमच्या गणपतीचं ढोलपथक आठवावं. कोणी "शांत बसा" म्हणालं नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडे प्रार्थना म्हणजे हाताची घडी आणि डोळे मिटलेले, आणि डोळे उघडले की मास्तरची नजर.

रात्री एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा केबिनच्या पायरीवर बसून रडत होता. घरी जायचं म्हणून. शेजारी त्याचा काउन्सेलर, वय असेल एकोणीस. फोन लावून देता येत नाही, उपदेशही करत नाही, नुसता बसलाय. मला ते तेव्हा क्रूर वाटलं, खोटं कशाला सांगू? रविवारी सकाळी तोच मुलगा कचऱ्याची सुपली घेऊन केबिनमधून बाहेर आला आणि दुसऱ्यावर खेकसला, की केर माझा, तुझं काम झाडू!

कारण रविवारी नेहमीचं रुटीन सुरू झालं होतं. सकाळी प्रार्थना, नाश्ता, मग केबिनची सफाई. कोणी काय करायचं याचा पुठ्ठ्याचा चक्राकार तक्ता दारावर, आणि सफाईला मार्क. मग पोहणं, हस्तकला, नाटक, थोडा हिब्रूचा तास. दुपारी जेवून एक तास पडायचं आणि घरी पत्र लिहायचं. ठरलेल्या दिवशी पत्र हेच जेवणाचं तिकीट. संध्याकाळी शेकोटी नाहीतर खेळ. असं चार किंवा आठ आठवडे.

गंमत म्हणजे ही मुलं हिब्रू बोलत नाहीत. बोलतात इंग्लिशच. पण जेवणघर म्हणजे 'खदर ओखेल', सफाई म्हणजे 'निकायोन', दुपारची विश्रांती म्हणजे 'मेनुखा', तळं म्हणजे 'अगम'. इंग्लिश वाक्यात हे शब्द खिळ्यासारखे ठोकलेले. या प्रकारावर तीन अभ्यासकांनी मिळून लिहिलेलं 'हिब्रू इन्फ्युजन' नावाचं आख्खं पुस्तक २०२० मध्ये आलंय. उद्देश भाषापंडित घडवण्याचा नाहीच, ती भाषा आपली वाटावी एवढाच.

हे काही आजचं खूळ नाही. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या चाळीतल्या गरीब पोरांना मोकळी हवा मिळावी म्हणून सरप्राइझ लेक कॅम्प १९०२ मध्ये सुरू झाला. १९४७ मध्ये विस्कॉन्सिनला रामाह कॅम्प निघाला तोपर्यंत चिंता बदलली होती. मुलं धडधाकट होती, पण ज्यू राहतील का, हा प्रश्न होता.

आता माझा मुद्दा. मी अलिबागचा. आमच्याकडे इस्रायल आळी आहे. आजी सांगायची, बेने इस्रायल लोकांना पूर्वी 'शनिवार तेली' म्हणायचे, कारण तेलाचा घाणा ते शनिवारी बंद ठेवत. बोलायचे आपल्यासारखीच मराठी. शेकडो वर्षं कोकणात, बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले. मग टिकलं काय? शनिवारची सुट्टी, बिनखवल्याचा मासा न खाणं, मुलाची सुंता, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. थोडक्यात, रोजच्या आणि आठवड्याच्या सवयी. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, पण त्या घाण्याची गोष्ट मला डायरेक्टरांनी राउटर बंद करायला लावल्यावर कळली. लहानपणापासून ऐकली होती, कळली तेव्हा.

माझी ताई एडिसनला असते. भाची नऊ वर्षांची. दर रविवारी दोन तास मराठी शाळेत जाते, बाराखडी येते, स्नेहसंमेलनात लावणी करते. फोनवर माझी आई विचारते, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "येस, आजी." आणि मग दोघी गप्प. त्या दोन-तीन सेकंदांचं काय करायचं, हे आम्हा कोणालाच कळत नाही. ताई घाईघाईने फोन घेते.

माझं मत असं, की आपण मुलांना मराठी 'दाखवतो', तिच्यात राहायला देत नाही. दोन तासांच्या वर्गात केर काढायला लागत नाही, भांडायला लागत नाही, रडू येत नाही. आणि ज्या भाषेत केर, भांडण आणि रडू नाही ती भाषा ट्रॉफीसारखी कपाटात राहते. पुण्यातसुद्धा वेगळं काय आहे? आपल्या सोसायट्यांतली संस्कार शिबिरं बघा. दहा ते बारा, आईबाप गाडीतून सोडणार, शेवटी सर्टिफिकेट.

याला आक्षेप आहेत, आणि ते मलाही पडलेत. एक, पैसा. हे कॅम्प काही हजार डॉलर घेतात. दोन, एकाच समाजाची मुलं कुंपणात ठेवणं मला मनापासून पटत नाही. बाहेरच्या जगाबद्दल, इस्रायलच्या राजकारणाबद्दल तिथे काय सांगायचं आणि काय नाही, यावर ज्यू लोकांमध्येच जोरदार वाद आहेत. तीन, आपण कॅम्प काढला तर त्यात कोणाची मराठी, कोणाचं जेवण, कोणाची प्रार्थना? पहिल्या मीटिंगला तीन मंडळं होतील हे मला माहितेय.

तरीही पंधरा दिवस, फोनशिवाय, एकोणीस वर्षांच्या दादा-ताईंच्या ताब्यात, सुपलीला सुपली म्हणत पोरांनी राहून बघावं असं मला वाटतं. मोठ्यांनी दूर राहावं. फोटोसुद्धा कमी पाठवावेत.

शनिवारी रात्री तीन तारे दिसले. वेणीसारखी गुंफलेली मेणबत्ती पेटली, मसाल्याची डबी सगळ्यांच्या नाकाखालून फिरली. लवंग-दालचिनी! मला एकदम घरची मिसळणाची डबी आठवली. मग मेणबत्ती द्राक्षरसात विझवली आणि डायरेक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, आता राउटर."

वीस मिनिटांत काम झालं. गुरुवार-शुक्रवारचे फोटो चढले. शनिवारचा एकही नव्हता, आणि त्याबद्दल एकाही आईबापाचा फोन आला नाही.