त्रिशंकू कौल आणि लखनौचा धडा

निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाला बहुमत मिळाले नाही, की भांडवली वृत्तपत्रांतून एकच हाकाटी सुरू होते : मतदार गोंधळला, राज्य अस्थिर झाले, बाजार घसरला. दोष सदैव जनतेच्या माथी! वस्तुतः असा कौल म्हणजे समाजातील खऱ्याखुऱ्या विभागणीचे प्रतिबिंब असते. अनिश्चितता जन्माला येते ती मतपेटीत नव्हे, तर मतमोजणीनंतर बंद दाराआड चालणाऱ्या सौद्यांत.

ह्याचा धडा लखनौइतका स्पष्टपणे क्वचितच कोणी दिला असेल. १९९६ साली उत्तर प्रदेशाच्या ४२५ जागांच्या विधानसभेत भारतीय जनता पक्षाला १७४, समाजवादी पक्षाला ११०, बहुजन समाज पक्षाला ६७ आणि काँग्रेसला ३३ जागा मिळाल्या. पाच महिने सरकारच बनले नाही. मार्च १९९७ मध्ये भाजप व बसपा यांनी सहा-सहा महिने मुख्यमंत्रिपद वाटून घेण्याचा करार केला. सप्टेंबरात मायावतींच्या जागी कल्याणसिंह आले आणि महिन्याभरातच बसपाने पाठिंबा काढून घेतला. तरीही सरकार तगले, कारण काँग्रेस व बसपा दोन्ही फोडण्यात आल्या होत्या. त्याची किंमत म्हणून ९३ मंत्र्यांचे अवाढव्य मंत्रिमंडळ जनतेच्या डोक्यावर बसले.

२१ फेब्रुवारी १९९८ च्या रात्री राज्यपाल रोमेश भंडारी यांनी कल्याणसिंहांना बडतर्फ करून जगदंबिका पाल यांचा शपथविधी उरकला. दोन दिवसांत उच्च न्यायालयाने कल्याणसिंहांना पुन्हा खुर्चीवर बसविले. विधानभवनापासून महानगर वसाहतीपर्यंतच्या लखनौकरांना आपला मुख्यमंत्री नेमका कोण, हे सांगता येईना. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २६ फेब्रुवारीला सभागृहात मतदान झाले. कल्याणसिंहांना २२५, पाल यांना १९६ मते पडली. बहुमताचा निकाल राजभवनात नव्हे, सभागृहात लागला पाहिजे, हे बोम्मई खटल्यात १९९४ सालीच ठरले होते. तरीही महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१९ मध्ये भल्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठवून शपथविधी झालाच आणि खुल्या मतदानाचा आदेश येताच ते सरकार चौथ्या दिवशी कोसळले.

ह्या साऱ्या घडामोडींत शेतमजुराच्या मजुरीचा वा विणकराच्या सुताचा प्रश्न कोठे होता? १९६७ सालच्या चरणसिंहांच्या संयुक्त विधायक दलात निदान तसा प्रश्न तरी उपस्थित झाला. अल्पभूधारकांचा शेतसारा रद्द करावा ह्या मागणीवरून कम्युनिस्ट व समाजवादी घटकांचे मुख्यमंत्र्यांशी खटके उडाले. ती आघाडी टिकली नाही, कारण काँग्रेसविरोधापलीकडे घटकांमध्ये मतैक्य नव्हते. तथापि भांडण खातेवाटपाचे नसून कार्यक्रमाचे होते, हा फरक लहान नव्हे.

पश्चिमेकडेही चित्र ह्याहून फार निराळे नाही. फ्रान्समध्ये जुलै २०२४ च्या निवडणुकीत डाव्या पक्षांच्या जनआघाडीला सर्वाधिक जागा मिळाल्या, पण बहुमत कोणालाच नव्हते. राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी डाव्यांना पाचारण न करता पंतप्रधानपद दिले ते पहिल्या तीन आघाड्यांतही नसलेल्या पक्षाच्या बार्निये यांना. सामाजिक सुरक्षेच्या अंदाजपत्रकावरून डिसेंबरात त्यांचे सरकार पडले आणि काटकसरीचा आग्रह धरणारे त्यांचे वारस बायरू सप्टेंबर २०२५ मध्ये पायउतार झाले. सरकारे बदलली, परंतु काटकसरीचे ओझे कष्टकऱ्यांवर टाकण्याचा हट्ट मात्र कायम राहिला.

मग स्पष्ट बहुमत हा उपाय आहे काय? २००७ साली बसपाने सुमारे ३० टक्के मतांवर ४०३ पैकी २०६ जागा मिळविल्या. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाने सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा पटकावल्या. जेथे तीनातील दोन मतदार विरोधात असतात, तेथील 'स्थैर्य' हे मोजणीच्या पद्धतीने घडविलेले असते. म्हणूनच डाव्या पक्षांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी लावून धरली आहे.

ह्यावर बेल्जमचा दाखला दिला जातो. जून २०१० च्या निवडणुकीनंतर तेथे सरकार स्थापन व्हायला ५४१ दिवस लागले, हे खरेच आहे. प्रमाणशीर पद्धतीने वाटाघाटी टळत नाहीत. पण त्या कोणाच्या देखरेखीखाली चालतात, हा खरा प्रश्न आहे. जर्मनीत आघाडीचा करार छापून प्रसिद्ध होतो. २०१८ साली सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सामान्य सभासदांनी तो मतदानाने, ६६ टक्क्यांनी, संमत केला. करार चांगला की वाईट हा वेगळा मुद्दा, पण तो सभासदांपुढे आला. लखनौच्या सहा-सहा महिन्यांच्या सौद्याबद्दल मात्र कोणत्या कार्यकर्त्याला कोणी विचारले होते?

तेव्हा त्रिशंकू कौलाला भिण्याचे कारण नाही. किमान कार्यक्रम निवडणुकीपूर्वीच लिहून जनतेपुढे ठेवणे, पाठिंब्याच्या अटी जाहीर करणे, बहुमत सभागृहात उघडपणे सिद्ध करण्याचा आग्रह धरणे, आणि निवडून आलेल्यांवर संघटित जनतेचा पहारा ठेवणे, हीच कामे आज करावयाची आहेत. जेथे हा पहारा ढिला पडतो, तेथे आमदारांचा बाजार भरतो. जेथे तो जागा असतो, तेथे विभागलेल्या सभागृहालाही कष्टकऱ्यांच्या मागण्यांकडे पाठ फिरविता येत नाही.