धुळीचा खर्च कोणाच्या खाती?

पाटीवर पेन्सिलीने अक्षरे गिरवून आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण सुरू झाले. ती पेन्सिल कोठून येते, हा प्रश्न मात्र आपल्याला कधी पडला नाही. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे दगड कापून त्या पेन्सिली तयार केल्या जात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील कामगारांची पाहणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस झालेला होता. आपल्या साक्षरतेची किंमत अशी दुसऱ्याच कोणाच्या फुफ्फुसांनी मोजली होती.

सिलिकोसिस हा गारगोटीसारख्या दगडांतील सिलिकेच्या धुळीमुळे होणारा रोग. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बरीचशी नाकातच अडते. घातक असते ती काही मायक्रॉन आकाराची, न दिसणारी धूळ. ती फुफ्फुसांच्या तळापर्यंत पोचते आणि तेथे व्रण निर्माण करते. हे व्रण भरून येत नाहीत, रोगावर उपाय नाही आणि क्षयाचा धोकाही वाढतो. रोग बरा करता येत नसेल, तर तो टाळणे एवढाच मार्ग उरतो, आणि टाळण्यासाठी प्रथम हवेतील धूळ मोजावी लागते.

अर्थशास्त्राच्या वर्गात उत्पादनखर्च शिकविताना आम्ही कच्चा माल, मजुरी, व्याज व घसारा यांची बेरीज फळ्यावर मांडतो. यंत्राच्या झिजेला तीत स्थान आहे. माणसाच्या झिजेला नाही. उद्योजकाने टाळलेला खर्च नाहीसा होत नाही, तो इतरांच्या माथी जातो, हे के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखवून दिले होते. त्याचे जळजळीत उदाहरण गोध्रा-बालासिनोर परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत सापडते. झाबुआ, अलिराजपूर या जिल्ह्यांतील आदिवासी तेथे मजुरीला गेले आणि छातीत धूळ घेऊन परतले. धूळ गुजरातमध्ये उडाली, मृत्यू मध्य प्रदेशातील पाड्यांवर झाले. अनेकांपाशी तेथे काम केल्याचा साधा कागदही नव्हता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली; सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात शासनाला ती रक्कम देण्यास सांगितले. एकूण ७ कोटी १४ लाख रुपये. हे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्या खिशातून द्यावयाचे होते. दळलेली गारगोटी मात्र केव्हाच स्वस्तात विकली गेली होती.

कायदा नव्हता असे नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन हवेतील घातक द्रव्यांच्या कमाल मर्यादा त्यात घालण्यात आल्या. त्यातील सूत्रानुसार शुद्ध गारगोटीच्या सूक्ष्म धुळीची मर्यादा दर घनमीटर हवेत सुमारे ०.१ मिलिग्रॅम येते. अमेरिकेने २०१६ साली आपली मर्यादा याच्या निम्म्यावर, ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. आठ तासांच्या पाळीत माणूस साधारणतः १० घनमीटर हवा घेतो असे धरले, तर आपल्या मर्यादेत राहूनही दिवसाकाठी एक मिलिग्रॅम धूळ त्याच्या श्वासात येऊ शकते. एवढी थोडी धूळ नजरेच्या अंदाजाने ओळखता येणे अशक्य आहे.

मोजणीची रीतही फार अवघड नाही. कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधतात आणि नाकातोंडाजवळ, कॉलरवर गाळणी लावतात. जाड कण आधीच वेगळे होतात, सूक्ष्म कण गाळणीवर साचतात. पाळीच्या आधीचे व नंतरचे तिचे वजन पाहिले की हिशेब निघतो. कळीचा मुद्दा एवढाच की, मोजणी कामगाराच्या श्वासाजवळ झाली पाहिजे. यंत्र फाटकापाशी ठेवायचे, किंवा तपासणीच्या दिवशी निम्मी यंत्रे बंद ठेवायची, तर आकडा निर्दोष येईल आणि कामगार आजारीच पडेल.

लहान कारखानदाराला हे परवडणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. पाण्याचा फवारा, यंत्राला आच्छादन, धूळ ओढून घेणारा पंखा यांना पैसे लागतातच. आज जो मालक ते खर्च करतो, त्याचा माल महाग पडतो आणि न करणारा बाजार मारतो. यावर उपाय सूट देण्याचा नसून, नियम सर्वांना सारखा लावण्याचा आहे. मग तो खर्च मालाच्या किमतीत शिरेल आणि वापरणारा तो भरील. न्याय हाच आहे. उलट, २०२० साली संमत झालेल्या संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या दहावरून वीसवर नेली. सर्वाधिक धूळ उडते ती बहुधा अशा लहान जागांतच. जोखमीच्या कामांना संख्येची अट न लावण्याचा अधिकार शासनाला आहे. सिलिकेच्या धुळीबाबत तो त्याने वापरावा. मोजणी मालकाच्या पगारी माणसाकडून न होता स्वतंत्र यंत्रणेकडून व्हावी. आणि तिचा आकडा फायलीत न राहता, मर्यादेच्या आकड्यासह, कामगाराच्या भाषेत कामाच्या जागी फलकावर लागावा.

गावाबाहेरच्या खडी क्रशरजवळ एस. टी. आली की आपण खिडकीची काच ओढून घेतो. त्या धुळीत सिलिका किती, हे मोजल्यावाचून कळणार नाही. आपला संबंध दोन मिनिटांचा असतो. आत उभ्या असलेल्या माणसाला काच नाही, आणि त्याची पाळी आठ तासांची आहे.