पाण्यांत सोडण्यापूर्वीं

चिखलदऱ्याच्या पठारावर पडणारें पाणी कोठें जातें, असा प्रश्न वर्गांत विचारला म्हणजे बहुतेक मुलें "दरींत" असें उत्तर देतात. उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. उत्तरेकडील उतारावरचें पाणी सिपनेच्या वाटेनें तापीस मिळतें. दक्षिणेकडील पाणी चंद्रभागा, शहानूर इत्यादि नद्यांतून पूर्णेस, व पूर्णेबरोबर चांगदेवाजवळ पुन्हां तापीसच जाऊन भेटतें. म्हणजे गाविलगडच्या या डोंगराच्या दोन्ही अंगांचें पाणी अखेर सुरतेच्या खालीं एकाच खाडींतून अरबी समुद्रांत जातें. वाटेंत हतनूर व उकाई येथें धरणें आहेत खरीं. पण महापुरांत त्यांचे दरवाजे उघडले म्हणजे पाण्याबरोबर काय काय खालीं जातें, याचा हिशेब कोण ठेवतो? समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हांस खाडीविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार पोहोंचतो तो या नात्यानें.

नदीचें गोडें पाणी आणि भरतीचें खारें पाणी जेथें मिसळतें तें निमखारें पाणी. पावसाळ्यांत तें जवळजवळ गोडें होतें, चैत्र-वैशाखांत खारटपणा चढतो, आणि दिवसांतून दोनदां भरतीओहोटी त्याची चव पालटते. असला चंचल संसार थोड्याच जीवांस मानवतो. पण ज्यांस मानवतो त्यांची तेथें रेलचेल असते. तिवराचें पान चिखलांत पडून कुजतें, त्यावर सूक्ष्म जंतु वाढतात, तो कुजका चुरा कोळंबी, लहान खेकडे व बोय मासे खातात, त्यांस जिताडा गिळतो, आणि जिताड्याची वाट अलिबाग-पेणकडील कोळ्याची चूल पाहत असते. शिवल्या आणि कालवें पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म वनस्पतींवर जगतात. यास आहारसाखळी म्हणण्याचा प्रघात आहे. पण साखळींत एका कडीस दोनच शेजारी असतात. येथें एकेका जीवाचे अनेक भक्षक व अनेक भक्ष्य. म्हणून आम्ही यास जाळें म्हणूं.

जाळ्यांत परका जीव शिरला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आमच्या मुलांस शाळेच्या कुंपणापाशींच सांपडेल. घाणेरीचें झुडूप अमेरिकेंतून बागेच्या शोभेसाठीं या देशांत आलें व मेळघाटच्या रानांत पसरलें. तिच्या दाट जाळींखालीं गवत नीट उगवत नाहीं. गवत नाहीं तेथें गव्यास व चितळास चारा नाहीं. आणि चितळ ज्या रानांतून उठलें तेथें वाघ तरी काय खाणार? घाणेरीनें वाघास कधीं स्पर्शहि केला नाहीं, तरी त्याच्या ताटापर्यंत तिचा हात पोहोंचला. जमिनीवर हें निदान डोळ्यांस दिसतें. पाण्याखालीं तेंच घडतें, पण जाळें रिकामें वर येईपर्यंत कोणास कळत नाहीं.

काळ्या समुद्राची हकीकत या बाबतींत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तो समुद्र नद्यांच्या पाण्यामुळें निमखारा आहे. मोठीं जहाजें माल नसतां तोल राखण्यासाठीं एका बंदराचें पाणी पोटांत भरून घेतात व दुसऱ्या बंदरांत सोडतात. अशाच पाण्यांतून १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एक कंकतधर प्राणी तेथें आला. कांचेसारखा पारदर्शक, मुठीएवढा, हाड ना कांटा. भीति वाटावी असें त्यांत कांहींच नाहीं. पण एकच जीव नर आणि मादी दोन्ही असल्यानें एकटाहि वंश वाढवूं शकतो व दिवसास हजारों अंडीं घालतो. पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म प्राणी हें त्याचें अन्न, आणि आपल्या मांदेळीच्या कुळांतील तेथल्या माशाचेंहि तेंच. शिवाय त्या माशाचीं अंडीं व पिल्लें तो खाई तें वेगळेंच. १९८९ च्या सुमारास तेथील मासेमारी कोसळली. अतिरेकी मासेमारीनें तो समुद्र आधींच दुबळा झाला होता असें शास्त्रज्ञ म्हणतात, व तें खरें आहे. दुबळ्या भिंतीस चोर लवकर भोंक पाडतो. पुढें १९९७ मध्यें या प्राण्यास खाणारा त्याचाच एक भाऊबंद तेथें अवतरला आणि संकट बरेंच ओसरलें. पण तोहि कोणी विचारपूर्वक आणला नव्हता, तोहि आगंतुकच. दैवानें एकदां तारलें म्हणून दरवेळीं तारील, या भरंवशावर कोळ्याचें पोट चालत नाहीं.

हें सर्व परदेशांत घडतें असें कोणी समजूं नये. मध्य अमेरिकेकडील एक काळपट शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरांत आढळला व पुढें थोड्याच वर्षांत मुंबईच्या बंदरांतहि दिसूं लागला. गलबतांचे तळ, खांब, दोरखंड, सांपडेल त्यास तो घोसाघोसांनीं चिकटतो आणि देशी शिंपल्यांस बसावयास जागा ठेवीत नाहीं. १९९९ मध्यें हाच शिंपला ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथें दिसतांच तेथील सरकारनें गोद्या बंद करून पाण्यांत क्लोरीन व मोरचूद ओतलें, आणि कांहीं आठवड्यांतच तो निपटून काढला. त्याबरोबर त्या गोद्यांतील इतरहि जीव मेले, ही किंमत लहान नव्हे. पण वेळ साधली म्हणून तें साधलें. मुंबईचें बंदर कांहीं असें पेटींत बंद करतां येत नाहीं. जहाजांनीं तोलाचें पाणी शुद्ध करूनच सोडावें असा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्यें झाला आणि अंमलांत यावयास २०१७ साल उजाडलें! एवढ्या अवधींत शिंपल्याच्या किती पिढ्या होतात, याचें गणित वरच्या वर्गाच्या मुलांनीं करून पाहावें.

आतां आमच्या पाण्याजवळ येऊं. तिलापिया, ज्यास आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं चिलापी म्हणतात, हा आफ्रिकेंतील मासा १९५२ मध्यें हिंदुस्थानांत आणला गेला. हेतु वाईट नव्हता. गरिबास स्वस्त मासा मिळावा एवढाच होता. या जातीची मादी अंडीं तोंडांत धरून उबवते व पिल्लांसहि संकटाच्या वेळीं तोंडांत आसरा देते. मातेची ही माया पाहून मन द्रवतें. पण त्यामुळेंच त्याची प्रजा फारशी मरत नाहीं. तो दोनतीन महिन्यांत वयांत येतो, वर्षांतून अनेकदां वितो, आणि गोडें पाणी, निमखारें पाणी, समुद्राचें पाणी, सर्वांत सारख्याच सुखानें नांदतो. गोव्याच्या खाजणांत काळुंदर नांवाचा देशी मासा आहे. दोघांचें अन्न आणि घरटीं करण्याच्या जागा पुष्कळशा एकच. भीमेवरील उजनीच्या जलाशयांत तर जाळ्यांत चिलापीच अधिक येते अशी मच्छीमारांची तक्रार आहे.

यावर एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, "गुरुजी, चिलापी स्वस्त आहे, चविष्ट आहे, गरीब ती खातो, तुम्हांला तिचें काय वावडें?" आम्हांस कांहीं वावडें नाहीं. जेथें ती ठाण मांडून बसली आहे तेथें ती धरावी, विकावी आणि पोटभर खावी. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, जेथें ती अद्याप नाहीं तेथें ती नेऊन सोडूं नये. तळ्यांत एक जात वाढली म्हणजे उत्पन्न वाढलें असें नव्हे. ज्या तीन जाती गेल्या त्यांची बेरीज कोणी करीत नाहीं. आणि त्या तीन जाती विकून ज्याचें घर चाले त्यास चिलापीचा उतरलेला भाव मिळतो.

परका तेवढा वाईट, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. चिखलदऱ्याची कॉफी परकी, आमच्या वऱ्हाडी ठेच्यांतील मिरची परकी. त्यांनीं कोणाचें रान बळकावलें नाहीं. आणि घाणेरीच्या दाखल्यावरून बाहेरगावच्या माणसांविषयीं कोणीं वावगा अर्थ काढला तर तो शुद्ध मूर्खपणा होय. झुडपास विवेक नाहीं, माणसास आहे. दोष माशाचाहि नाहीं. सोडणाऱ्या हाताचा आहे.

हात म्हटला कीं विषय घरापर्यंत येतो. हल्लीं पुष्कळ घरांत शोभेच्या माशांची कांचेची टाकी असते. मासा मोठा झाला किंवा मुलांस कंटाळा आला कीं त्यास जवळच्या तळ्यांत सोडण्याची चाल पडूं लागली आहे. टाकीची कांच चाटून साफ करणारा खडबडीत पाठीचा अमेरिकन मासा उजनींत असाच पोहोंचला असावा. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं असे मासे शक्कर तलावांत सोडण्याची परवानगी मागितली, ती आम्हीं नाकारली. त्यावर "जीव वांचविण्यास शाळा आडवी येते" असा बोल एकदोन पालकांनीं लावला. त्यांची दया आम्हांस मान्य आहे. परंतु एका माशावर दया करतांना तळ्यांतील बाकीच्यांचा आणि तळ्याखालच्या ओढ्यांचा विचार कोणीं करावा? डांसांच्या नाशासाठीं गप्पी मासे पाळावयाचे तर तेहि बंद हौदांतच असावेत, ओढ्यानाल्यांत नव्हेत.

टाकींतील मासे नकोसे झाले असतील तर ते विकणारास परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावेत. तेंहि न जमेल त्यांनीं ते सुटीपूर्वीं शाळेंत आणून द्यावेत. प्रयोगशाळेंत एक मोठी टाकी रिकामी आहे, आणि नववीच्या मुलांनीं आळीपाळीनें तिची देखभाल करण्याचें कबूल केलें आहे.