साधन आणि साधना

शास्त्रीय संशोधनाची गोष्ट निघाली कीं, "आपल्याजवळ यंत्रें कोठें आहेत?" असा उद्गार पुष्कळ वेळां कानीं पडतो. या उद्गारांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु तें अर्धेंच तथ्य होय, असें आम्हांस वाटतें.

प्रथिनाच्या रेणूंतील अणूंची मांडणी साध्या सूक्ष्मदर्शकानें दिसत नाहीं. प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडावे लागतात. ते विखुरून जे ठिपके उमटतात, त्यांवरून गणितानें मांडणी शोधावयाची असते. १९३४ सालीं केंब्रिज येथें बर्नाल व डोरोथी क्रोफुट (पुढें हॉजकिन) यांनीं पेप्सिनच्या स्फटिकाचे असे स्पष्ट ठिपके प्रथम मिळविले. तोंवर ते कां मिळत नव्हते? स्फटिक वाळला कीं त्याची अंतर्रचना ढासळते, म्हणून. या दोघांनीं तो त्याच्याच द्रवासह कांचेच्या बारीक नळींत ओला ठेवला. यश दिलें तें नव्या यंत्रानें नव्हे, सावध दृष्टीनें!

तथापि केवळ दृष्टीनेंहि भागत नाहीं. १९३५ सालीं हॉजकिनबाईंनीं इन्शुलिनच्या स्फटिकावर काम आरंभिलें. त्याची रचना हातीं आली १९६९ सालीं. इतकीं अवाढव्य गणितें गणकयंत्रावांचून सुटणारीं नव्हतीं. परंतु त्या ३४ वर्षांत बाई यंत्राची वाट पाहत बसल्या नाहींत. संधिवातानें बोटें वांकडीं झालीं असतांहि त्यांनीं पेनिसिलिन व ब-१२ जीवनसत्त्व यांच्या रचना उलगडल्या, आणि १९६४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या देशांतहि आज इंदूर येथें इंडस-२ हें प्रचंड यंत्र आहे. त्याच्या वर्तुळांत धांवणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण निघतात, आणि प्रथिनांच्या स्फटिकांसाठीं तेथें स्वतंत्र किरणमार्ग राखला आहे. अशा साधनांवरील खर्च व्यर्थ आहे, असें कोणी म्हणूं नये. परंतु तेथें न्यावयाचा स्फटिक मनुष्यानेंच चिकाटीनें वाढवावा लागतो. आणि असा मनुष्य बाजारांत विकत मिळत नाहीं, तो घरीं व शाळेंत घडतो.

हॉजकिनबाईंची पहिली प्रयोगशाळा घराच्या माळ्यावर होती. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं मुलांस घराचा एक कोपरा द्यावा आणि थोडा पसारा सहन करावा. विद्यार्थिमित्रांनो, गरम पाण्यांत तुरटी विरघळवा, त्यांत दोरा सोडा व भांडें न हालवितां ठेवा. पहिला स्फटिक वेडावांकडा आला, तर तो कां आला हें स्वतःस विचारा. संशोधनाचा आरंभ त्या प्रश्नांत आहे.