चार जागा

घरातील मुले सुटीत पडद्यासमोर तासन्‌तास काय करीत बसतात, हा प्रश्न या सदराकडे पुष्कळदा येतो. बहुतेक पत्रांचा सूर तक्रारीचा असतो आणि ती तक्रार निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या निमित्ताने मला एका खेळाचा हिशेब मुळापासून समजून घ्यावा लागला, आणि वही-पेन्सिल घेऊन बसल्यावर ध्यानात आले की हा हिशेब पेढीवर बसणाऱ्या माणसाला अपरिचित नाही.

खेळ पोकेमॉनचा. जपानात 1996 साली सुरू झालेला हा खेळ आपल्याकडे मुलांना दूरचित्रवाणीवरील चित्रमालिकेमुळे ठाऊक असतो. त्याची स्पर्धात्मक बाजू मात्र फारशा पालकांना ठाऊक नसते. प्रत्येक खेळाडूकडे सहा प्राणी. प्रत्येक प्राण्याला केवळ चार चाली, ज्यांना मुले ‘मूव्ह’ म्हणतात. दोन्ही खेळाडू एकाच वेळी आपापली चाल ठरवतात आणि ज्याच्या प्राण्याचा वेग अधिक, त्याची चाल आधी घडते. (या लढतीत कोणी मरत नाही, प्राणी मूर्च्छित होतो आणि डाव संपताच ठणठणीत असतो. आमच्या घरी ही शंका आजींनी सर्वांत आधी विचारली होती.)

पुतण्या आणि त्याचे सात मित्र दर रविवारी ‘शोडाउन’ नावाच्या संगणकीय सरावमंचावर परस्परांशी सामने खेळतात. सलग तीन रविवार हरल्यावर त्याने जेवणाच्या ताटावरच जाहीर केले की आपला सर्वांत आवडता प्राणी तो संघातून काढून टाकणार आहे. “काका, गारचॉम्प नावालाच मोठा आहे. काही कामाचा नाही.” माणसाला काढून टाकण्यापूर्वी त्याला कोणते काम दिले होते ते पाहावे, ही सवय मला पेढीने लावली आहे. मी त्याला म्हटले, आधी मला त्याची खतावणी दाखव.

गारचॉम्प हा 2006 साली ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या खेळांत आलेला प्राणी. त्याचे प्रकार दोन, ड्रॅगन आणि भूमी. हल्ल्याचा मूळ अंक 130 आणि वेगाचा 102. हा 102 वाचून मला काही विशेष वाटले नाही. पुतण्याने सांगितले की सॅलामेन्स, फ्लायगॉन, झॅपडॉस, चारिझार्ड असे कितीतरी नामांकित प्राणी बरोबर 100 वर उभे आहेत. म्हणजे अवघ्या दोन अंकांच्या फरकाने गारचॉम्प त्या सर्वांच्या पुढे. समोर सॅलामेन्स असेल, दोघेही ड्रॅगन आणि दोघांनाही ड्रॅगनचा मार दुप्पट बसणारा, तर जो आधी हात उचलेल तोच उरतो. बाजारात दोन पैशांनी भाव कमी ठेवणाऱ्याच्या दारी गिऱ्हाईक आधी थांबते, त्यातलाच हा प्रकार.

परंतु मूळ अंक म्हणजे हाती आलेला वेग नव्हे, आणि पुतण्याची पहिली चूक येथेच सापडली. प्रत्येक प्राण्याला सरावाचे 510 गुण मिळतात, मुले त्यांना ‘ईव्ही’ म्हणतात. ते सहा गुणधर्मांत वाटायचे, एका ठिकाणी जास्तीत जास्त 252. चार गुण घातले की शंभराव्या पातळीवर एक अंक वाढतो. पुतण्याने सहा भावंडांत लाडू वाटावेत तसे प्रत्येकी 84 वाटले होते. मोठ्या न्यायबुद्धीने! शिवाय ‘अ‍ॅडमंट’ हा स्वभाव निवडला होता, जो हल्ला दहा टक्क्यांनी वाढवतो आणि वेगाला काहीच देत नाही. परिणाम असा की त्याच्या गारचॉम्पचा वेग भरला 261. मॅमोस्वाइन नावाचा मूळ 80 वेगाचा थोराड प्राणीदेखील, नीट भांडवल लावले तर, 284 पर्यंत जातो आणि याच्या आधी वार करतो.

आम्ही पुन्हा वाटप केले. वेगात 252, हल्ल्यात 252, उरलेले चार एचपीत, दोन गुण वाया. स्वभाव ‘जॉली’, जो वेग दहा टक्क्यांनी वाढवतो. आता वेग 333 आणि हल्ला 359. शंभर मूळ वेगाचा प्राणी कितीही खर्च केला तरी 328 वर थांबतो. ‘अ‍ॅडमंट’ ठेवला असता तर हल्ला 394 झाला असता, पण वेग 303 वर अडला असता आणि मूळ 90 वेगाचा ल्युकारिओसुद्धा 306 करून पुढे गेला असता. पस्तीस अंकांची ताकद सोडून तीस अंकांचा वेग घ्यावा की नाही, यावर आमचा अर्धा तास गेला. माझे मत स्पष्ट आहे. ज्याची सारी किंमत इतरांच्या दोन पावले पुढे असण्यात आहे, त्याची ती दोन पावले विकू नयेत. खेळ निर्माण करणाऱ्यांनीच 2013 साली गारचॉम्पचे ‘मेगा’ रूप काढले, त्यात हल्ला 170 केला आणि वेग 92 वर उतरवला. ताकद एवढी वाढूनही पुष्कळ जाणकार खेळाडूंनी साधा गारचॉम्पच पसंत केला, तो याच कारणाने.

आता चालींकडे येऊ. पुतण्याच्या गारचॉम्पकडे आउटरेज, ड्रॅगन क्लॉ, अर्थक्वेक आणि गिगा इम्पॅक्ट अशा चार चाली होत्या. चारही मारणाऱ्या, आणि गिगा इम्पॅक्टची छापील शक्ती 150, म्हणून ती त्याला अभिमानाची. छापील किंमत आणि पदरात पडणारी किंमत यांतला फरक व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळा शिकवावा लागू नये, पण लागला. प्राणी आपल्याच प्रकारची चाल वापरतो तेव्हा तिची शक्ती दीडपट होते. आउटरेज ड्रॅगन प्रकारची, छापील शक्ती 120, गारचॉम्पच्या हाती ती 180. गिगा इम्पॅक्ट सामान्य प्रकारची, गारचॉम्पला तिचा कोणताच लाभ नाही, म्हणून 150 ची 150. ती दहातून एकदा चुकते, आणि लागली तरी पुढची संपूर्ण खेळी गारचॉम्प स्वस्थ बसून मार खातो. ती पहिल्या पाच मिनिटांतच गेली.

एक गंमत सांगतो. 2006 च्या त्या मूळ खेळात सिंथिया या विजेतीच्या गारचॉम्पकडेही गिगा इम्पॅक्ट होतीच. पुढे 2021 साली तोच खेळ नव्या रूपात आला, तेव्हा निर्मात्यांनी तिच्या गारचॉम्पची ती चाल काढून स्वोर्ड्स डान्स दिली. पंधरा वर्षांत त्यांनीही वही तपासली म्हणायची.

आउटरेज आणि ड्रॅगन क्लॉ या दोन्ही ड्रॅगनच्याच चाली, तेव्हा एक पुरे. कोणती, यावर मतभेद होऊ शकतो. आउटरेज जबर आहे, पण एकदा सुरू केली की दोन-तीन खेळ्या थांबवता येत नाही आणि शेवटी प्राणी गोंधळून स्वतःलाच मारून घेऊ शकतो. क्लॉची शक्ती दीडपटीनंतर 120, पण हात मोकळा राहतो. आम्ही आउटरेज ठेवली, मात्र ती डावाच्या शेवटासाठीच वापरायची असे ठरवून. अर्थक्वेकविषयी वादच नाही. छापील 100, पदरात 150, कधी चुकत नाही, दुष्परिणाम नाही. अशी चाल म्हणजे रोखीचे गिऱ्हाईक.

उरल्या दोन जागा. एक स्वोर्ड्स डान्सला. ही चाल कोणालाच मारीत नाही. एक खेळी खर्च करते आणि हल्ला दुप्पट करते, 359 चे 718. पुतण्याला हे पटेना. “एक खेळी फुकट घालवायची?” मी म्हटले, समोरचा जेव्हा आपला प्राणी बदलतो, त्या खेळीत तो वार करू शकत नाही. ती खेळी तू कशात गुंतवतोस? त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसले, त्यासाठी मी आणखी दहा संध्याकाळी दिल्या असत्या.

आता चौथी जागा, आणि येथेच खरी अडचण होती. ड्रॅगन आणि भूमी या दोन प्रकारांचे हल्ले मिळून जवळजवळ सर्वांना लागतात, पण जवळजवळच. स्कारमोरी हा पोलादी पक्षी. उडतो म्हणून अर्थक्वेक त्याला स्पर्शही करीत नाही, आणि पोलादावर ड्रॅगनचा मार अर्धा. वर त्याच्याकडे व्हर्लविंड असते. तिने तो गारचॉम्पला फुंकून बाहेर काढतो, आणि स्वोर्ड्स डान्सची सारी कमाई बुडते. पुतण्या तीनही रविवार याच पक्ष्यापुढे हरला होता. ब्रॉन्झाँग नावाची पोलादी तरंगती घंटा आहे, तिचेही तसेच. म्हणून 2006 नंतरच्या काळात जाणते खेळाडू चौथ्या जागी फायर फँग ठेवीत. शक्ती अवघी 65, पण पोलादावर अग्नी दुप्पट, म्हणजे 130. त्याच स्कारमोरीवर आउटरेजची 180 अर्धी होऊन 90 उरते. छोटी चाल मोठीला मागे टाकते, कारण ती नेमक्या एका दारासाठी घडवलेली किल्ली आहे. आउटरेज, अर्थक्वेक, फायर फँग आणि स्वोर्ड्स डान्स हा संच त्या काळी इतका भारी ठरला की स्मॉगन या खेळाडूंच्या मंडळाने गारचॉम्पला नेहमीच्या लढतींतून वगळून वरच्या गटात टाकले.

पण 2013 साली परी हा नवा प्रकार खेळात आला. परीवर ड्रॅगनची चाल शून्य. आणि टोगेकिस ही परीही आहे आणि उडतेही, म्हणजे तिच्यापुढे आउटरेज व्यर्थ आणि अर्थक्वेकही व्यर्थ. तिला हवी पॉयझन जॅब, शक्ती 80, परीवर दुप्पट. पण विष पोलादाला बाधत नाही, त्यामुळे पॉयझन जॅब घेतली तर स्कारमोरी मोकळा, आणि फायर फँग घेतली तर टोगेकिसला ती 65 च्या वर लागत नाही. पुढच्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याकडे दोघेही होते. जागा एकच. स्वोर्ड्स डान्स काढून दोन्ही ठेवाव्यात, असे पुतण्याचे म्हणणे पडले. तसे केले असते तर सगळे थोडे थोडे लागले असते आणि कोणीच पडले नसते.

तोडगा त्यानेच काढला, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्याच्या संघात मॅग्नेझोन होता, विजेचा आणि पोलादाचा, ज्याच्या चुंबकापुढे आलेला पोलादी प्राणी माघार घेऊ शकत नाही. स्कारमोरीला वीज दुप्पट लागते. “काका, स्कारमोरीचे काम मॅग्नेझोन करील. मग गारचॉम्पला फायर फँग कशाला?” एका गड्याची उणीव दुसऱ्याने भरून काढली की पहिल्याची जागा मोकळी होते, हे मी पेढीवर चाळीस वर्षे पाहत आलो. तरी त्या संध्याकाळी मी गारचॉम्पच्या चार जागांपलीकडे पाहिले नव्हते.

एकच प्रश्न उरला, हाती कोणती वस्तू द्यायची. माझा आग्रह लाइफ ऑर्बचा होता. ती हल्ल्याला तीस टक्के बळ देते आणि प्रत्येक वारागणिक स्वतःच्या एचपीचा दहावा भाग घेते. चॉइस स्कार्फने वेग दीडपट होतो, पण एकाच चालीला बांधून घ्यावे लागते, मग स्वोर्ड्स डान्सला अर्थ राहत नाही. पुतण्याने दोन्ही नाकारून याचे बेरी घेतली. गारचॉम्पच्या दोन्ही प्रकारांना बर्फ बाधतो, त्यामुळे बर्फाचा मार त्याला चौपट बसतो. ही बेरी असा पहिला वार फक्त एकदा निम्मा करते. मला तो भित्रेपणा वाटला आणि मी तसे बोललोही.

रविवारी मॅग्नेझोनने स्कारमोरीला अडकवून पाडले. पुढे प्रतिस्पर्ध्याने प्राणी बदलला, त्याच खेळीत गारचॉम्पने स्वोर्ड्स डान्स केली. टोगेकिस एका पॉयझन जॅबने मूर्च्छित झाली. मग समोर मॅमोस्वाइन आला, 284 वेगाचा. गारचॉम्पचा वेग 333. मी निश्चिंत झालो. पण त्याने आइस शार्ड वापरली. ही बर्फाची छोटीशी चाल वेग न पाहता आधीच घडते. 333 चा सारा खर्च त्या क्षणी निरुपयोगी होता. बेरी फुटली, मार निम्मा झाला आणि गारचॉम्प उभा राहिला. पुतण्याने आउटरेजकडे जाणारे बोट मागे घेऊन अर्थक्वेक दाबले.

लाइफ ऑर्बविषयी त्याने मला काही विचारले नाही. खुर्ची थोडी सरकवून मला पडदा नीट दिसेल अशी जागा मात्र करून दिली.