जमाखर्चाची तोंडमिळवणी कोणाच्या ताटातून?

राज्याचा जमाखर्च जुळेनासा झाला म्हणजे राज्यकर्त्यांपुढे दोनच वाटा उरतात, असे आपणांस नेहमी सांगण्यात येते. एक खर्च कमी करण्याची, दुसरी कर वाढविण्याची. तिसरी वाट कर्जाची आहे खरी. परंतु आजचे कर्ज म्हणजे उद्यावर ढकललेला करच होय, आणि तो मुलाबाळांनी व्याजासह फेडावयाचा असतो. महाराष्ट्र राज्याचा २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प १० मार्च २०२५ रोजी विधिमंडळापुढे आला, तेव्हा त्यात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी रुपये आणि महसुली खर्च सुमारे ६ लाख ७ हजार कोटी रुपये धरला होता. महसुली तूट ४५,८९१ कोटींची व राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींवर. पेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस या आकड्यांचा अर्थ फोड करून सांगावयास नको. दुकान वाढविण्यासाठी काढलेले कर्ज निराळे आणि घरातील रोजचे मीठमिरची उधारीवर आणणे निराळे. महसुली तूट ही या दुसऱ्या जातीची आहे.

भिवापूरच्या बाजारात या प्रश्नावर दोन पक्ष ऐकू येतात. व्यापारी मंडळी म्हणतात, सरकारने काटकसर करावी, आमच्या मानेवर नवा कर नको. दुसरा पक्ष म्हणतो, गोरगरिबांचा घास काढू नका, ज्यांच्यापाशी आहे त्यांजकडून घ्या. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोहोंतही खरा प्रश्न झाकलेलाच राहतो. काटकसर करावयाची ती कोणाच्या पदरची? कर द्यावयाचा तो कोणी? आणि हे ठरवावयाचे कोणी व केव्हा? या तीन प्रश्नांचा निकाल लागल्याखेरीज ‘काटकसर’ आणि ‘करवाढ’ हे दोन्ही शब्द पोकळ होत.

हा वाद आपल्या देशास नवा नाही. नामदार गोखले यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, तेव्हा सरकारच्या तिजोरीत तूट नव्हती, उलट शिल्लक होती. दुष्काळाने गांजलेल्या रयतेच्या खिशातून काढलेली शिल्लक ही भरभराटीची खूण नव्हे, असे त्यांनी सप्रमाण दाखविले. दुसऱ्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. पुढे महायुद्धानंतर खरोखरीच तूट पडू लागली, तेव्हा १९२२ साली लॉर्ड इंचकेप यांची काटकसर समिती नेमण्यात आली व तिने सुमारे १९ कोटींची कपात सुचविली. परंतु त्याच १९२३ सालच्या अंदाजपत्रकात मिठाचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये, म्हणजे नेमका दुप्पट, करण्यात आला. लोकप्रतिनिधींनी तो नाकारला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो लादला. आणि वर्षभरात पुन्हा खाली आणावा लागला. कपातही झाली, करही झाला. परंतु ज्यांच्यासाठी व ज्यांच्याकडून, त्यांची संमती नव्हती. म्हणून ती तोंडमिळवणी टिकली नाही.

काटकसर कोठून सुरू व्हावी याचा धडाही आपल्याच इतिहासात आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसने मोठ्या पगारांस महिना पाचशे रुपयांची मर्यादा सुचविली, आणि १९३७ साली प्रांतोप्रांती अधिकारावर आलेल्या काँग्रेसच्या मंत्र्यांनी स्वतः पाचशे रुपयेच वेतन घेतले. त्यामुळे तिजोरीत किती भर पडली हा प्रश्न गौण आहे. वरच्याने आधी पोटास चिमटा घेतला म्हणजे खालच्यास काटकसर सांगण्याचा अधिकार प्राप्त होतो, हे त्यातील तत्त्व होय.

आता आजच्या काटकसरीकडे पाहू. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज या तीन बाबींतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग खर्ची पडतो, आणि त्यांस हात लावता येत नाही. मग कात्री चालते कोठे? जे ओरडत नाही तेथे. कारकुनाचा पगार एक दिवस लांबला तर मोर्चा निघतो. कालव्याचे अस्तरीकरण एक वर्ष लांबले तर कालवा बिचारा काय बोलणार? भिवापूरकरांस याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा. तो वाढत वाढत १८ हजार कोटींच्या वर गेला, आणि तीन तपे लोटली तरी सर्व कामे पुरी झाली नव्हती. या वाढीस भूसंपादन, पुनर्वसन, कामाचा विस्तार व कारभारातील दोष हीही कारणे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दरवर्षी तुटपुंजी रक्कम देऊन काम रखडविणे हे त्यातील एक मोठे कारण होय. आमच्याच तालुक्यातील मोखाबर्डी उपसा सिंचन योजना या प्रकल्पाचे अंग आहे. ज्या मिरचीस सरकारने भौगोलिक मानांकन दिले, त्या भिवापुरी मिरचीच्या शेतकऱ्यास मानांकनाच्या कागदाने नव्हे, पाण्याने आधार मिळावयाचा आहे. नागपूर-नागभीड हा अरुंद लोहमार्ग रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाला, आणि त्यानंतर येथील माल व माणसे वर्षानुवर्षे केवळ सडकेच्या भरवशावर राहिली. अशी लांबणीवर टाकलेली कामे अर्थखात्याच्या वहीत ‘बचत’ म्हणून दिसतात. रयतेच्या वहीत ती नुकसान म्हणून लिहिली जातात.

उलट, जेथे आधी विचार करावयास पाहिजे होता तेथे तो मागाहून सुचतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली; पात्र स्त्रियांस दरमहा पंधराशे रुपये देण्यास जुलैपासून आरंभ झाला आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. प्रचारात सत्ताधाऱ्यांनी एकवीसशेचे वचन दिले. २०२५-२६ साठी या योजनेस ३६ हजार कोटी ठेविले गेले. गरीब स्त्रीच्या हाती चार पैसे पडावेत यास आमचा विरोध नाही. ते पैसे भिवापूरच्याच बाजारात परत येतात, हे येथील दुकानदार जाणतो. आमचा आक्षेप रीतीवर आहे. निवडणुकीपूर्वी अर्ज भराभर मंजूर करावयाचे, आणि २०२५ साली सुमारे २६ लाख लाभ चौकशीसाठी रोखावयाचे, यास काटकसर म्हणत नाहीत. रुपयात पीकविम्याची गत तशीच. २०२३ च्या खरिपात तो सुरू झाला, बोगस अर्ज फार झाले म्हणून २०२५ च्या खरिपापासून बंद पडला, आणि लबाडांच्या अपराधाचा दंड प्रामाणिक शेतकऱ्याने हप्त्याच्या रूपाने भरला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. त्यावर उपाय कुत्रे हाकलण्याचा आहे, जाते बंद करण्याचा नव्हे.

राहता राहिली करवाढ. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आल्यापासून राज्याच्या हाती स्वतंत्रपणे वाढविण्याजोगे कर थोडेच उरले. इंधनावरील विक्रीकर, मुद्रांकशुल्क, वाहनकर, वीजशुल्क, व्यवसायकर आणि मद्यावरील अबकारी हे त्यांतील प्रमुख. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी बनावटीच्या धर्तीवरील मद्याचे शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले, आणि अबकारीतील अशा फेरफारांतून १४ हजार कोटींची अपेक्षा धरली. दारूवर कर बसविण्यास हरकत घेणारे आम्ही नव्हे. परंतु राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यपानास बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली व २०२१ साली उठली, ही गोष्ट ताजी आहे. ज्या व्यसनावर तिजोरी पोसली जाते, ते व्यसन सुटावे असे तिजोरीस मनापासून वाटणार कसे? म्हणून अशा उत्पन्नावर नित्याच्या खर्चाचा डोलारा उभारणे शहाणपणाचे नाही.

न्याय्य कराचा नमुना महाराष्ट्राने स्वतःच घालून दिला आहे. १९७५ साली व्यवसायकर बसविण्यात आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातील मिळवत्याने द्यावे आणि त्यातून दुष्काळी खेड्यातील बेकार हातास काम मिळावे, असा तो उघड करार होता. पैसा कशासाठी हे ठाऊक असल्यामुळे लोकांनी तो दिला. परंतु १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने या करास वर्षाकाठी अडीच हजारांची मर्यादा घातली. तिचा परिणाम असा की, महिना दहा हजारांहून थोडे अधिक मिळविणारा कारकून आणि महिना लाखो मिळविणारा धनिक हे दोघेही तेच अडीच हजार भरतात. कायद्याच्या दृष्टीने हे समान असेल. न्यायाच्या दृष्टीने नव्हे. ही मर्यादा उत्पन्नाच्या पायऱ्यांप्रमाणे वाढविली पाहिजे, आणि घटनादुरुस्ती संसदेच्या हातची असल्यामुळे आमच्या प्रतिनिधींनी ती मागणी दिल्लीत मांडली पाहिजे.

हे म्हणणे आमच्या व्यापारी वर्गणीदारांस रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहो. त्यांस आणखी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. कच्च्या पावतीवर माल विकणारा आणि घराच्या खरेदीखतात किंमत कमी लिहिणारा गृहस्थ जेव्हा सरकारच्या उधळपट्टीवर व्याख्यान देतो, तेव्हा त्याच्या शब्दास वजन राहत नाही. चुकविलेला कर नाहीसा होत नाही. तो शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराच्या व पेट्रोल भरणाऱ्या मजुराच्या माथी बसतो.

तेव्हा आमचे मागणे क्रमाने असे. प्रथम मंत्री, आमदार व खाती यांनी जाहिराती, मोटारी, सोहळे यांवरील खर्च आवरून आपल्या काटकसरीचा आकडा प्रसिद्ध करावा. नंतर अर्धवट कामांची यादी करून, नवे नारळ फोडण्यापूर्वी जुनी कामे पुरी करावीत. कोणतीही नवी देणगी जाहीर करताना तिची पात्रता आधी तपासावी व तिचा पैसा कोठून येणार हे त्याच दिवशी सांगावे. आणि इतके करूनही तूट राहिली, तर ऐपतीप्रमाणे कर बसवावा, कशासाठी ते सांगून, आणि वर्षअखेर हिशेब देऊन. हा क्रम पाळला गेला तर कर देण्यास लोक का-कू करणार नाहीत. हिशेब मागणे हे आता परक्या सरकारशी भांडण नव्हे. तिजोरी आपली आहे, तिच्या किल्ल्या आपणच निवडून दिलेल्यांच्या हाती आहेत; तेव्हा पुढील अर्थसंकल्प येईल त्या वेळी भिवापूरच्या नागरिकांनी आपल्या आमदारास फक्त एवढेच विचारावे की, यंदा कात्री कोठे लागली आणि कालव्याच्या वाट्यास काय आले.